गाडीवर गेलेल्याची जागा

हे खरं घडलेलं आहे.

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांच्या गोष्टी पिकवणाऱ्यांतला मी नाही. अतबरा या रेल्वेच्या गावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे; कारागिराला इथं उस्ता म्हणतात, म्हणून मीही उस्ता. दिवसभर पंक्चर काढायची आणि संध्याकाळी पाठ टेकायची, एवढाच माझा संसार. पण खिदिर माझा शेजारी. त्याच्या घराला आणि माझ्या घराला भिंत एकच. जे झालं ते त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त दिवस मावळताना एकट्यानं वाचू नका.

गेल्या रमजानची गोष्ट. एकविसावा रोजा, वार गुरुवार.

त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर खिदिरची आई घरातून नाहीशी झाली.

खिदिर रिक्षा चालवतो. पन्नाशी उलटलेला, अंगानं आडवा, जिभेनं तिखट. त्याची आई बतूल, सगळे तिला मानानं हाज्जा म्हणायचे. गेली काही वर्षं म्हातारीला विसरायला होत होतं. आधी चुलीवरचं दूध विसरली. मग शेजारीपाजारी विसरली. मग सुनेलाच विसरली. खिदिरची बायको तमादुर सकाळी चहा घेऊन गेली की ती विचारायची, "तू कुणाची गं? कामाला लागलीस का इथं?"

"हो हाज्जा," तमादुर म्हणायची, "पंचवीस वर्षं झाली, बिनपगारी."

पण खिदिरला ती कधी विसरली नाही. दारात रिक्षा थांबली रे थांबली की आतून हाक यायची, "आला का माझा नाकतोडा?" लहानपणी तो काडीसारखा होता आणि सारखा उड्या मारायचा, म्हणून नाकतोडा. आता त्याच्या वजनानं रिक्षा एका बाजूला कलते, तरी तो नाकतोडाच. चारचौघांत हाक मारली की तो लाजायचा, चिडायचा. पण मला एकदा म्हणाला होता, "उस्ता, जगात मला या नावानं हाक मारणारं एवढंच माणूस उरलंय. ज्या दिवशी ती मला विसरेल ना, त्या दिवशी मी पोरका."

तर ती नाहीशी झाली. तिच्याबरोबर घरातली मोठी थाळी गेली, आणि ताडाच्या पानांचं विणलेलं ते लाल-जांभळं झाकण गेलं.

झाकण दिसेना तेव्हाच खिदिरच्या लक्षात आलं, ती कुठं गेली असेल ते.

लाईन वस्तीत.

लाईन वस्ती म्हणजे रेल्वे कामगारांची जुनी वस्ती. खिदिर तिथंच जन्मला, तिथंच वाढला. एका ओळीत घरं, मागं अंगण, अंगणात सुतळीच्या खाटा. कारखान्याचा भोंगा झाला की शेकडो सायकली एकदम बाहेर पडायच्या. बायका घरात बसून नुसत्या साखळीच्या आवाजावरून ओळखायच्या, कुणाचा नवरा आला आणि कुणाचा वाटेत चकाट्या पिटत बसलाय ते.

रमजानात तर विचारू नका. रोजा सोडायला गल्लीतले सगळे पुरुष रस्त्यावर. या टोकापासून त्या टोकापर्यंत चटया आणि घराघरातून आलेल्या थाळ्या. रस्त्यानं जाणाऱ्याला अडवून बसवायचं, हा आमचा धर्मच. उस्ता मिरघनी नावाचा फिटर तर लॉरीपुढं आडवा व्हायचा. ड्रायव्हर नको म्हणाला की ओरडायचा, "माझ्या बायकोला तलाक, जेवल्याशिवाय गेलास तर!" अशी शपथ घातल्यावर कोण उठणार? मिरघनीची बायको म्हणायची, "एका रमजानात मला इतक्यांदा तलाक मिळतो, पण माहेरी जायला काही मिळत नाही."

आणि त्या वस्तीची एक रीत होती, ती दुसरीकडं कुठं मी पाहिली नाही.

घरातला माणूस गाडीवर ड्यूटीला गेला असेल, तर पंगतीत त्याची जागा मोकळी सोडायची. त्याचं ताट वाढायचं, झाकण घालून त्या जागेपुढं ठेवायचं. कितीही गर्दी होवो, तिथं कुणी बसायचं नाही. पोरांनीसुद्धा नाही. गाडीवर गेलेल्याची जागा म्हणजे त्याचीच जागा. तिथं दुसरा बसला तर तो माणूस परतून बसणार कुठं?

खिदिरचे वडील दफअल्ला मालगाडीवर गार्ड होते. खिदिर लहान होता तेव्हा ते उत्तरेकडच्या गाडीवर गेले. रात्री वाळवंटातल्या ओढ्याला अचानक पूर आला आणि पुलाखालची माती वाहून गेली. इंजिन सापडलं. ड्रायव्हर आणि फायरमन सापडले.

दफअल्ला सापडले नाहीत.

मग बतूलनं काय करावं? मयत नाही, दफन नाही. ती म्हणाली, "माझा माणूस गाडीवर गेलाय." आणि दर रमजानात ताट वाढून झाकून पाठवत राहिली. लहानगा खिदिर ते ताट डोक्यावरून नेऊन ठेवायचा. वस्तीनंही कधी तोंडातून शब्द काढला नाही. जागा मोकळी राहिली.

पुढं गाड्या कमी झाल्या. भोंगा बंद पडला. मग एके दिवशी बुलडोझर आले आणि दोन दिवसांत वस्ती भुईसपाट झाली. माणसं पांगली, म्हातारे एकेक करून गेले. खिदिर आईला घेऊन आमच्या गल्लीत आला. आमच्याकडंही रस्त्यावर चटया पडतात, पण ते झाकलेलं ताट बघून लोक विचारायचे, "हे कुणाचं?" दोन-चारदा सांगून खिदिर वैतागला. त्यानं ते ताट बंद केलं. म्हातारीनं झाकण पुसून फळीवर ठेवून दिलं.

असो. त्या गुरुवारी खिदिर भाडी संपवून दिवस कलताना घरी आला, आणि कळताच त्यानं परत रिक्षा काढली.

"तुझं लक्ष कुठं होतं?" तो तमादुरवर खेकसला.

"माझं लक्ष? सकाळपासून उपाशी, चुलीपुढं मी भाजतेय. तुमची आई आहे, बांधून ठेवा!" तमादुर म्हणाली. मग तिचाच आवाज पडला. "लवकर आणा हो तिला. एवढ्या उन्हात, तोंडात पाण्याचा थेंब नाही तिच्या."

ऊन कललं होतं, तरी रस्ते ओसच होते. रेल्वे फाटकापाशी टरबूजवाला आपल्या गाडीखाली सावलीला पडला होता. खिदिरनं विचारलं, "हाज्जा दिसली का रे? डोक्यावर थाळी?"

"गेली की दुपारीच. त्या दोघांना मी म्हटलंही, एवढ्या उन्हात कुठं निघालात?"

"दोघं? दुसरं कोण?"

टरबूजवाला उठून बसला. डोकं खाजवायला लागला.

"कोण बरं... मागून चालत होतं कुणीतरी. ती मागं वळून बोलत होती त्याच्याशी. तोंड काही बघितलं नाही बाबा मी."

खिदिरनं रिक्षा पळवली.

रुळांच्या पलीकडं लाईन वस्तीचं मैदान. विटांचे ढीग, काटेरी झुडपं, एक कडुनिंब आणि गंजलेली पाण्याची टाकी. बाकी काही नाही. सूर्य टाकीच्या मागं उतरला होता. खिदिरनं इंजिन बंद केलं.

आणि त्याला जाणवलं...

आवाजच नव्हता.

त्या मैदानात कायम कुत्री असतात. त्या दिवशी एक नव्हतं. कडुनिंबावर चिमणी नव्हती. वारा होता, पण पान हलत नव्हतं.

"यूम्मा!" त्यानं हाक मारली. आम्ही आईला अशीच हाक मारतो.

"ओरडू नको. ऐकू येतं मला."

ती बसली होती. त्यांची गल्ली जिथं होती, बरोबर त्याच जागी. विटा बाजूला सारून तिनं जमीन साफ केली होती, वर पाणी शिंपडलं होतं. पुढं लांबलचक चटई अंथरलेली. चटईवर खजूर, हिलूमूर सरबताचा तांब्या, आणि त्या लाल-जांभळ्या झाकणाखाली ताट.

खिदिरच्या जिवात जीव आला. आणि जिवात जीव आला की माणसाला पहिला राग येतो, तसा त्यालाही आला.

"उठ. चल घरी."

"आलास नाकतोड्या? बरं झालं. तो तांब्या जरा इकडं सरकव."

"तांब्या गेला उडत! घरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय."

"अजानच्या तोंडावर पंगत सोडून जातं का कुणी? लोक काय म्हणतील?"

"कुठायत लोक?"

"येतील," म्हातारी शांतपणे म्हणाली. "भोंगा व्हायचाय अजून."

खिदिरनं ओठ चावले. गावातून तोफेसारखा रोजा सोडण्याचा बार ऐकू आला, पाठोपाठ मशिदीतली अजान सुरू झाली. त्याच्या घशाला कोरड पडली होती. आता पाच मिनिटं बसावं, दोन घोट घ्यावेत, तिला खाऊ घालावं आणि उचलून न्यावं, असा त्यानं विचार केला. तो बसायला वाकला.

"तिथं नको."

त्याचा हात हवेतच थांबला.

"तिथं नको बसू रे. तुला माहीत नाही का? ते गाडीवर गेलेत."

खिदिरच्या आत काहीतरी फाटलं. लहानपणापासून डोक्यावर वाहिलेलं ते ताट, ती मोकळी जागा, वस्तीतल्या बायकांची ती कीव... सगळं एकदम घशाशी आलं.

"गाडीवर! माझे केस पिकले तरी गाडीवरच! यूम्मा, बाबा मेले. पाण्यात वाहून गेले. ते येत नाहीत आणि कधी येणारही नाहीत. हे बघ!"

आणि तो त्या जागेवर बसला.

म्हातारीनं हात पुढं केला, तोवर त्यानं झाकण उचललं होतं.

आत असीदा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा मऊ गोळा, आणि वर वाळवलेल्या भेंडीचं कालवण.

त्यातून वाफ येत होती.

म्हातारी दुपारी घरातून निघालेली. ताट उघड्या मैदानात तास न् तास पडलेलं. आणि वाफ... त्याला ते दिसलं. पण रागात माणूस आंधळा असतो. त्यानं घास तोडला आणि तोंडात घातला.

अजान मध्येच थांबली.

मुअज्जिनचा सूर अर्ध्यावर होता, तिथंच तुटला. लाईट गेली असेल, असं त्याला वाटलं.

मग भोंगा झाला.

लांब, जाडा, पोटात घुमणारा. कारखान्याचा भोंगा. ज्याचं यंत्रच भंगारात गेलंय, तो.

"झाला बघ," म्हातारी म्हणाली.

खिदिरला उठायचं होतं. पाय उठेनात. मांडीखालून चटई गार लागत होती. आणि तेव्हा त्याच्या डोक्यात आलं... ही चटई आपल्या घरातली नाही. अशी चटई आपल्याकडं नाहीच. म्हातारीनं ही आणली कुठून?

किर्र... किर्र... किर्र...

सायकलच्या साखळ्या. एक, मग चार, मग मोजता येईनात इतक्या. रुळांच्या बाजूनं आल्या. विटांच्या ढिगातून आल्या, कुठंही न अडखळता. सायकल नाही, माणूस नाही, धूळसुद्धा उडत नव्हती. नुसता आवाज. एकेक सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज, आणि भिंत तर तिथं नव्हतीच.

चपला काढल्याचे आवाज.

हातावर पाणी ओतल्याचा आवाज.

मग त्याच्या दोन्ही बाजूंनी चटई दबायला लागली.

"या अब्दुल-माजिद, बसा," म्हातारी म्हणत होती. "सईद, पाठ कशी आहे आता? सरका जरा, मिरघनीला जागा द्या." तिची नजर एकेका रिकाम्या जागेवर थांबत होती. सगळी मेलेल्यांची नावं. यातल्या तिघांना तर खिदिरनं स्वतः खांदा दिला होता.

 त्यानं दोन्ही हात टेकून सगळा जोर लावला आणि ढुंगण जरासं उचललं...

उजव्या कानाशी कुणीतरी खाकरलं.

"माझ्या बायकोला तलाक, जेवल्याशिवाय उठलास तर!"

मिरघनीचा आवाज. तोच घोगरा, तोच हसरा. खिदिर मटकन खाली बसला.  त्याचा हात आपोआप ताटाकडं गेला. घास तोंडात गेला. परत गेला. तो मला म्हणाला, "उस्ता, मी खात नव्हतो रे. हात खात होता. आणि ताट संपतच नव्हतं."

हळूहळू सगळे आवाज थांबले.

कारण त्याच्या मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

वास आला. आधी मशीनच्या तेलाचा, मग ओल्या चिखलाचा. आमच्याकडं त्या दिवसांत चिखल कुठला? जमीन तर भेगाळलेली असते.

टप...

त्याच्या गुडघ्याशेजारी चटईवर पाण्याचा थेंब पडला.

टप... टप...

मान वळवायची त्याची हिंमत झाली नाही. तो समोर आईच्या तोंडाकडं बघत राहिला. ती त्याच्या डोक्यावरून वर बघत होती. तिनं घाईघाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. एवढी म्हातारी बाई, पण नव्या नवरीसारखी लाजली.

"आलात?" ती म्हणाली.

 खिदिरच्या खांद्यावर एक हात पडला. जड, गार, चिंब ओला. तो हात दाबत नव्हता, ढकलतही नव्हता. आपल्या जागेवर कुणी बसलं असेल तर माणूस जसा नुसता हात ठेवून थांबतो, तसा तो हात थांबून राहिला.

खिदिरनं मनातल्या मनात कुराणातली आयत म्हणायला सुरुवात केली. पुढचा शब्द आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली आयत, पण शब्द आठवेना.

म्हातारी गोंधळली. तिनं वर बघितलं, मग खाली खिदिरकडं बघितलं. परत वर, परत खाली. दोघांमधलं काहीतरी तिला जुळेना. कपाळाला आठ्या पडल्या.

"यूम्मा," खिदिर कसाबसा म्हणाला. "यूम्मा, मी आहे. मी."

तिची नजर त्या जागेवर आली, उघड्या ताटावर आली. मग त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. आणि आठ्या सैल झाल्या. तिला उमगलं. म्हणजे, तिला जे उमगायचं ते उमगलं.

ती खिदिरकडं बघून हसली. तेच लाजरं हसू.

"जेवा ना," ती त्याला म्हणाली. "गार होतंय. किती दिवसांनी आलात."

मग तिनं परत वर, त्याच्या मागं बघितलं. या वेळी मात्र आईनं पोराकडं बघावं तसं.

"आणि तू असा उभा का रे नाकतोड्या? बाबा आलेत, दिसत नाही का? जायचंय तुला? बरं, जा. पण उशीर करू नको हं, राजा. तुझं झाकून ठेवते मी."

खांद्यावरचा हात उचलला गेला.

चप... चप... चप... ओली पावलं रुळांकडं निघाली. दूर गेली. आणखी दूर.

आणि गावातली अजान, जिथं तुटली होती त्याच सुरावरून, पुढं सुरू झाली.

म्हणजे एवढं सगळं झालं, ते कुठल्या वेळात झालं? हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. त्या मशिदीच्या मुअज्जिनला मी स्वतः विचारलं. तो म्हणतो, त्या दिवशी लाईट गेली नव्हती, मी कुठं थांबलोच नाही.

खिदिरनं आईला उचललं आणि पळत सुटला. थाळी, तांब्या, चटई, सगळं तिथंच टाकून. रिक्षात ती पदर सावरून बसली. फाटक ओलांडल्यावर हळूच म्हणाली, "सावकाश चालवा ना. आणि या खेपेला किती दिवस लागले हो, खिदिरचे बाबा?"

खिदिरला वाटलं, ऊन लागलंय. उद्या उतरेल.

उतरलं नाही.

डॉक्टर झाले. ते म्हणाले, वय झालं, असंच होत जाणार. शेख झाले. त्यांनी पाण्यावर कुराण म्हणून दिलं, ते तिनं मुकाट्यानं प्यायलं आणि खिदिरला विचारलं, "तुम्ही नाही घेतलंत?" खिदिर तिच्या पायाशी बसून रडला. "यूम्मा, मी खिदिर. तुझा खिदिर. बघ ना माझ्याकडं." ती हसली. "काहीतरीच तुमचं! एवढा पोरगा झाला तरी चेष्टा जात नाही."

दिवसभर ती खुशीत असायची. नवरा परत आलाय, आणखी काय पाहिजे? पण दिवस कलला की तिची घालमेल सुरू व्हायची. आतबाहेर, आतबाहेर. "पोर अजून आलं नाही हो. कुठं पाठवलंत तुम्ही त्याला? कुठल्या गाडीवर?" रडायची. लहान मुलासारखी हुंदके देऊन रडायची. रमजान संपला, ईद झाली, तरी रोज संध्याकाळी ती एक ताट वाढायची, झाकण घालायची आणि दाराच्या आत ठेवायची.

झाकण तेच. लाल-जांभळं. खिदिर ते मैदानात टाकून आला होता, आणि परत आणायला कुणीही गेलेलं नव्हतं.

तमादुरनं ते दोनदा चुलीत घातलं. संध्याकाळी ते परत ताटावर. पुढं पुढं सकाळी त्या झाकणाखाली ताट चाटूनपुसून साफ असायचं, आणि उंबऱ्यावर ओल. तमादुर खमकी बाई आहे, उंदराला भिणारी नव्हे. पण गेल्या महिन्यात एका सकाळी ती बोचकं बांधून बर्बरला बहिणीकडं निघून गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, "उस्ता, माझ्या नवऱ्याचा आवाज मला ओळखता येतो की नाही?"

तेव्हा मला काही कळलं नाही.

चार दिवसांनी कळलं.

मी खिदिरच्या घरी बसलो होतो. रिक्षाचं चाक आतल्या अंगणात आणून आम्ही दोघं ट्यूब बदलत होतो. म्हातारी खाटेवर. बाहेर मगरिबची, दिवस मावळतानाची अजान झाली. दाराला कडी होती. अलीकडं खिदिर ऊन असतानाच कडी घालायचा.

टक... टक...

"कोण?" मी विचारलं.

"यूम्मा," बाहेरून आवाज आला. "यूम्मा, दार उघड. मी आलो."

खिदिरचा आवाज होता. अगदी तोच, तसाच जरा बसका.

आणि खिदिर माझ्यासमोर बसला होता. तोंड घट्ट मिटून. हातात ट्यूब.

 म्हातारी खाटेवरून धडपडत उठली. तिचा चेहरा असा फुलला होता, की तसा मी कधी पाहिला नव्हता. "अहो, बसलात काय? आपलं पोरगं दारात उभं आहे. उघडा ना!"

खिदिर हलला नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. बाहेर दोनदा आणखी वाजलं. मग चप... चप... पावलं निघून गेली, आणि म्हातारीनं जो हंबरडा फोडला, तो सगळ्या गल्लीनं ऐकला.

आता रोज हेच. लोक संध्याकाळी आमच्या गल्लीतून जात नाहीत.

काल खिदिर माझ्या दुकानात आला. आठ दिवसांचा उपाशी दिसत होता. म्हणाला, "उस्ता, ती खात नाही. पोरगं आल्याशिवाय जेवणार नाही म्हणते. अशानं मरेल रे ती. मी मरमरून सांगतो मी खिदिर, तिला पटत नाही. आणि तो बाहेरून एकदा यूम्मा म्हणतो, तर तिला लगेच पटतं."

"खुळा झालास का?" मी म्हणालो. "कडी काढायची नाही. माझी शपथ आहे तुला."

"तिचा मुलगा तिला भेटेल, उस्ता. एवढंच ना?"

"आणि तुझं काय?"

 त्यानं माझा हात हातात घेतला, दाबला आणि तो गेला. त्याचा हात गार होता.

आज अजान झाली तेव्हा मी भिंतीला कान लावून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, भीतीनं माझी पाचावर धारण बसली होती. टक... टक... झालं. "यूम्मा, मी आलो."

मग कडी निघाल्याचा आवाज आला. आतून.

मग म्हातारीचं हसणं. "आलास रे? आलास? बस, बस, ताट वाढलेलंच आहे."

त्यानंतर पलीकडं ताटाचा आवाज, कुणीतरी जेवतंय. मी कान देऊन ऐकतोय. म्हातारी बोलतेय, पोरगा हो-नाही म्हणतोय.

दोनच माणसांचे आवाज येताहेत. घरात तर आता तिघं असायला हवीत.

मी खिदिरला दोनदा हाक मारली. भिंतीपलीकडून कुणीतरी "ओ" दिली.

मी अजून तिकडं गेलेलो नाही.